खाऱ्या पाण्याचा नेम

जबलपूरला काय नाही? संगमरवराचे खडक आहेत, धुवांधार धबधबा आहे, तोफांचे गाडे बनवणारा १९०४ सालचा कारखाना आहे. बावन्न ताल होते म्हणतात, त्यांतले बरेचसे आता मोहल्ल्यांच्या नावापुरते उरलेत. नाही तो फक्त समुद्र. मुंबई रेल्वेने हजारेक किलोमीटर, आणि पलीकडचा बंगालचा उपसागरही काही शेजारी नाही. नर्मदामाई मात्र ग्वारीघाटावरून रोज समुद्राकडेच निघालेली असते आणि यथावकाश भडोचला पोचते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तिच्यामागे जायचं सोडून समुद्रालाच घरी आणलं. १९८०च्या दशकात आणलेला तो समुद्र अजून आमच्या दिवाणखान्यात आहे.

मी मालवणची. सासर शाकाहारी आहे हे मला आधी सांगितलं होतं; घरात मासे आहेत हे नव्हतं. पहिल्यांदा आले तेव्हा सोफा असायला हवा त्या भिंतीशी लांबलचक काचेची टाकी, त्यात निळसर उजेड, आणि सोफा बिचारा दाराआड. आई पहिल्यांदा मला भेटायला आली तेव्हा तिने टाकीसमोर उभं राहून, पदराने घाम पुसत, सगळ्या माशांवरून बाजारात फिरवावी तशी नजर फिरवली आणि हळूच विचारलं, “खावचे नाय, तर पाळल्यानी कित्याक?” या प्रश्नाला मी आजवर समाधानकारक उत्तर देऊ शकलेली नाही.

खूळ सुरू झालं ते मुंबईत. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. पुढे कधीतरी गिरगावात नातेवाइकांकडे गेलेल्या अप्पांनी ते पाहिलं. रस्त्यापलीकडे अख्खा अरबी समुद्र, आणि माणसं त्याच्याकडे पाठ करून तिकीट काढून त्याचा तुकडा बघायला आत जातात, याचं आश्चर्य वाटायचं सोडून अप्पांच्या मनात आलं की हे घरी का करू नये. सुरुवातीला खरोखरचं समुद्राचं पाणी कॅनमधून रेल्वेने यायचं. टीसी विचारायचा, “इसमें क्या है?” अप्पा खरं ते सांगायचे, “समुंदर.” टीसी कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि गंगाजलाला द्यावा तसा मान देऊन पुढे जायचा.

पुढे तयार क्षारांची पाकिटं मिळायला लागली आणि कॅन सुटले. पाहुण्यांना हे पटत नाही. “एवढंच ना, मीठ घालायचं,” म्हणून शेजारच्या चाचींनी एकदा स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ आणून दिलं होतं. समुद्राच्या क्षारांत आपलं खायचं मीठ सर्वांत जास्त हे खरं, पण उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी सगळी भावकी असते आणि तिच्यावाचून समुद्रातले जीव जगत नाहीत. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग क्षार, एवढं प्रमाण जमलं की समुद्र झाला. झाला म्हणजे कागदावर झाला.

कारण त्यानंतर अप्पांनी काय केलं, तर काहीच केलं नाही. पाणी, दगड, वाळू, पंप, सगळं सुरू, आणि आत एकही मासा नाही. आठवडे गेले. मोहल्ल्यातली मंडळी मासे बघायला यायची आणि चहा पिऊन दगड बघून जायची. “वर्माजी के यहाँ टीवी आया, आपके यहाँ पत्थर,” असं कोणीतरी म्हणालंही. अप्पा ज्यांची वाट बघत होते ते डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या विष्ठेतून, सडलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो माशांना जहर. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही जहरच. मग दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, जे थोडंफार चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही पलटण दगडांत, वाळूत ठाण मांडून बसेपर्यंत मासा सोडायचा नाही. परीक्षानळीत थेंब टाकला की पाणी हिरवट व्हायचं. ज्या दिवशी ते पिवळंच राहिलं त्या दिवशी घरात श्रीखंड झालं. हे मला सासूबाईंनी सांगितलं, आणि श्रीखंड कशासाठी ते आलेल्या कोणालाच कळलं नव्हतं, असंही.

हे शास्त्र शिकायला एक-दोन पावसाळे पुरतात. टिकवायला लागतो तो नेम. मी आजवर या छंदात पडलेली बरीच मंडळी पाहिली. नवी टाकी, नवे दिवे, दर रविवारी एक नवा मासा. आणि दिवाळीनंतर तीच टाकी गच्चीवर, तिच्यात पुदिना. उत्साहाने मासे मरतात असं अप्पांचं ठाम मत होतं. पाणी गढूळ दिसलं की उत्साही माणूस सगळंच्या सगळं बदलतो, दगड घासतो, औषध ओततो, आणि ती अदृश्य पलटण गारद करतो. अप्पा ठरलेल्या वारी ठरलेलं थोडं पाणी काढायचे, तितकंच नवं घालायचे आणि खुर्चीत बसायचे.

रोजचं काम म्हणजे उडालेलं पाणी भरणं. इथे एक गंमत आहे, जी पंडित माणसांच्याही पटकन लक्षात येत नाही: पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून खाऱ्या टाकीत रोज गोडंच पाणी घालायचं. टाकीच्या काठावर मिठाची पांढरी खपली धरते, ती ओल्या फडक्याने पुसून परत आत सोडायची. घनता १.०२५च्या आसपास राहिली पाहिजे. काचेची तरंगणारी नळी सोडून, तिला बुडबुडा चिकटला असेल तर टिचकी मारून, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून वाचायचं. अप्पा त्या वेळी श्वास रोखायचे. आम्हीही रोखायचो.

वाचलेलं सगळं वहीत जायचं. कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाची वही: तारीख, तापमान, घनता, शेरा. शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद, म्हणून शेरेही तसेच. माझा मुलगा झाला त्या दिवशीची नोंद आहे: “२६, १.०२५, नातू.” सासूबाई ही वही रागाने ‘पोथी’ म्हणायच्या.

चुन्याची निवळी हा यातला माझा आवडता भाग. समुद्रात कॅल्शियम लागतं, दगडांवर जी गुलाबी-जांभळी शेवाळी पुटं चढतात ती त्यावरच पोसतात. त्यासाठी विझवलेला चुना गोड्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी वरचं नितळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. युरोपातल्या छांदिष्टांनी ही युक्ती मोठी शास्त्रीय म्हणून मांडली. आमच्या कटनीचा चुना तर प्रसिद्धच, फक्त इथे तो पानाला लावतात. भेडाघाटला नावेतून जाताना नावाडी दोन्ही बाजूंच्या ज्या संगमरवराच्या कथा सांगतो, तो संगमरवरही एके काळी समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडकच, नंतर उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला. म्हणजे जबलपूरला समुद्र नाही हे माझं सुरुवातीचं वाक्य भूगर्भशास्त्र्यांसमोर टिकणार नाही. त्यांच्या हिशेबाने अप्पांना थोडा उशीर झाला, इतकंच.

टाकीत प्रवाळ मात्र नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळ गेले, वाघाच्या पंक्तीला. चोरून देणारे भेटतात, कुजबुजत दर सांगतात. सरकारी नोकरीत हयात गेलेले अप्पा त्यांना कलम वाचून दाखवायचे. त्यामुळे आमचा समुद्र तसा साधा: दगड, शेवाळ, चार-सहा मासे, आणि त्यांत मानाचं जोडपं क्लाउनफिशचं, केशरी अंगावर पांढरे पट्टे. २००३च्या त्या सिनेमानंतर घरी येणारं प्रत्येक मूल त्यांना एकाच नावाने हाक मारतं. या माशांना समुद्रफुलाचा आसरा लागतो म्हणतात. आमच्याकडच्यांनी फुटलेल्या सुरईच्या खापरीत संसार थाटला. मोठी असते ती मादी, घर तिचं. नर खापरीवर चिकटवलेल्या अंड्यांना परांनी वारा घालत बसतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो, आणि मी काच पुसायला हात घातला की माझ्या अंगठीवर धडका देतो. मादी गेली तर हाच नर हळूहळू मादी होतो. ही माहिती मी मंगळागौरीला सांगितली तेव्हा बायका बराच वेळ हसत होत्या. पुरुषमंडळींनी विषय बदलला.

आणि हे मासे जगतात. नीट ठेवले तर वीस वर्षांच्याही पुढे. कुत्रा पाळणाऱ्यालाही इतक्या लांबचा करार करावा लागत नाही.

जबलपुरात त्यांना जगवायचं म्हणजे ऋतूंशी भांडण. मे महिन्यात पारा ४३-४४ वर, आणि माशांना हवी सव्वीस-सत्तावीसची रत्नागिरी. घरातला एकुलता एक कूलर खसच्या ताट्यांसकट दिवाणखान्यात, पण तोंड टाकीकडे. पाण्यावर टेबलफॅन, आणि सरबतासाठी बर्फ मागितला तर कळायचं की फ्रीजरमधल्या सगळ्या बाटल्या टाकीत तरंगताहेत. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा जोर संपतो. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा हीटर. आम्ही शालीत, मासे उबेत.

विजेचं तर विचारू नका. मध्य प्रदेशातली २००३ची निवडणूकच ‘बिजली-सडक-पानी’वर झाली, आम्ही तिन्ही दिवाणखान्यात सोसत होतो. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. इन्व्हर्टर नव्हता तेव्हा रात्री पाळ्या लागायच्या: लोट्यात टाकीचंच पाणी घ्यायचं, हात उंच करायचा आणि धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. कंदिलाच्या उजेडात मांडी ठोकून धार धरलेली मला पाहून दूधवाल्याच्या आईने दारातूनच हात जोडले, “हर हर नर्मदे.” मीही म्हटलं, “हर हर नर्मदे.” त्या वेळी समजावत बसले असते तर धार तुटली असती.

भूकंप झाला २२ मे १९९७ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर. उन्हाळ्याचे दिवस, निम्मा मोहल्ला गच्चीवर नाहीतर अंगणात झोपलेला. सगळे रस्त्यावर धावले. सासूबाईंच्या हातात दागिन्यांचा डबा, माझ्या कडेवर मूल, आणि अप्पांचा पत्ता नाही. ते आत, अंधारात, दोन्ही हात काचेला लावून उभे. पाणी आणि दगड मिळून अर्ध्या टनाचा ऐवज. तो सुटला असता तर अप्पांच्या हातांना कितीशी दाद देणार होता? मोठं नुकसान झालं शहराचं, माणसं गेली. आमच्या भिंतीला एक तिरपी भेग, ती अजून आहे. त्या दिवसाचा शेरा: “भूकंप. पाणी चार बोटे कमी. मासे ठीक.” सासूबाईंनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलंय: “माणसेही ठीक.”

जगात अशी वेडं आणखी झाली. स्कॉटलंडात सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१ला ते स्वतः गेले. बरणी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. त्या समुद्रफुलाला सगळे ‘ग्रॅनी’ म्हणायचे. ग्रॅनी १८८७पर्यंत जगली आणि तिथल्या वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख आला. योगायोग असा की १८२८ सालीच कॅप्टन स्लीमनला आमच्या जबलपुरात डायनोसॉरची हाडं सापडली. इथे अजस्र प्राण्याची हाडं गोळा होत होती तेव्हा तिथे मूठभर जिवाचं पाणी बदललं जात होतं. यांतलं दुसरं काम मला जास्त कठीण वाटतं. हाडांना नागा चालतो.

मला कुतूहल आहे ते त्या बरणीच्या पुढच्या धन्यांचं. डॅलियलांची हौस होती, ठीक. पण मागून ज्यांच्या गळ्यात ती पडली त्यांना कोणी विचारलं असेल का? मलाही कोणी विचारलं नाही. अप्पांचे गुडघे गेले, बादली उचलवेना, तेव्हा ती कधी माझ्या हातात आली ते वहीतही नाही. फक्त एका पानापासून अक्षर बदलतं. अप्पा आता ऐंशी ओलांडून खुर्चीत. मी नळीला टिचकी मारते, आकडा मोठ्याने वाचते, ते मान हलवतात. आकडा आवडला नाही तर “परत बघ” म्हणतात.

सध्या घरात पेच आहे तो वेगळाच. टाकीच्या सांध्यांचं सिलिकॉन जुनं झालंय, एका कोपऱ्यात ओल दिसते. काचवाला म्हणतो, सगळं रिकामं करून नव्याने भरावं लागेल आणि ते सुकायला आठवडा तरी जाईल. तोवर समुद्र ठेवायचा कुठे? मोठी पिंपं दोन, ती मागच्या न्हाणीघरात राहतील, पण मग न्हाणीघर बंद. नेमकी त्याच आठवड्यात पुतण्याच्या मुलाची मुंज आमच्याकडे, नागपूरहून, इंदूरहून पाहुणे, आणि घरात न्हाणीघरं दोनच. नवऱ्याचं म्हणणं, ओल आहे तर आहे, मुंज होऊन जाऊ दे. अप्पा काही बोलले नाहीत, पण दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत बसले होते. मी गुरुजींना फोन करून विचारलंय, पुढचा मुहूर्त केव्हाचा आहे म्हणून.