कोजागिरी, ट्रायपॉड आणि मोबदला

अकोल्याहून चिखलदऱ्याला जायचं तर सरळ वाट अकोट-अंजनगाव-परतवाडा. पण मामांना अमरावतीवरूनच जायचं होतं. एक तर तिथला गिला वडा, आणि दुसरं म्हणजे वाटेतला विक्रम. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना अशी 75 किलोमीटरची डांबरी पट्टी सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरली गेली आणि थेट गिनीज बुकात जाऊन बसली. मामा हे आकडे मिनिटांसकट सांगतात. त्याआधी याच रस्त्यावर आमच्या मणक्यांनी केलेल्या विक्रमांची मात्र कुठेच नोंद नाही.

दिवस कोजागिरीचा, मोहीम चंद्राचा फोटो काढायची. मूर्तिजापूरच्या अलीकडे ढग बरे दिसले म्हणून मामांनी गाडी थांबवली आणि रस्त्याकडेला ट्रायपॉड उघडला. सोयाबीनची सोंगणी उरकलेली, कपाशीची बोंडं उकललेली. चिटपाखरू नव्हतं. ट्रायपॉडचा तिसरा पाय टेकला आणि माणसं उगवली.

"कायचं मोजून रायले भाऊ?"

"ढगाचा फोटो काढतोय."

"रस्ता अजून रुंद होते काय?"

"नाही हो काका, आम्ही रात्री चंद्राचा फोटो काढणार आहोत."

"चंद्राचा? तो तं रोजच निंगते! खरं सांगा, माह्यं वावर जाते काय त्याच्यात?"

मामांनी लेन्सवरची धूळ पुसली आणि अतिशय जबाबदारीने म्हणाले, "अजून काही ठरलं नाही." झालं! एकाने सातबारा आणायला पोरगा पिटाळला, दुसऱ्याने चहा मागवला, तिसऱ्याने आपली विहीर नक्की कुठल्या बांधाला आहे ते कॅमेऱ्यात डोळा घालून आम्हालाच दाखवलं. मोबदल्याचा दर ऐकल्याशिवाय कोणी हलेना. शेवटी चहा पिऊन, "वर कळवतो" असं सांगून मामांनी सुटका करून घेतली. वर म्हणजे चिखलदऱ्याला, हे आम्ही गाडीत बसल्यावर एकमेकांना समजावलं.

गिला वडा झाला, परतवाडा गेलं, घाट चढलो. चिखलदरा हजार मीटरांहून उंच, विदर्भात कॉफी पिकते ती इथे. भीमाने कीचकाला मारून दरीत लोटलं तेही इथेच म्हणतात. संध्याकाळच्या पॉइंटवरची गर्दी पाहून भीमाला एकांत कसा मिळाला असेल याचं नवल वाटलं.

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता-मावळता उगवतो. तीच फोटोची वेळ. डोंगर अजून दिसत असतात आणि चंद्र तांबूस असतो. तो वर आला तेव्हा डोळ्यांना केवढा थोरला दिसला! कॅमेरा मात्र असल्या भावनांना भुलत नाही. 200 मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर चंद्र पडतो जेमतेम दोन मिलिमीटरचा, म्हणजे तिळाएवढा. शेजारच्या फोनवाल्यांकडे तर नुसते पांढरे डाग उमटत होते. चंद्र म्हणजे उन्हातला खडक. रात्र आहे म्हणून जास्त उजेड घ्यायला जावं तर तो भाजून निघतो. एफ 11, आयएसओ 100 आणि सेकंदाचा शंभरावा भाग, की खड्डे-डाग दिसू लागतात.

हे मामांनी एका काकूंना दाखवलं आणि तिथेच घोटाळा झाला. काकूंना चंद्र तळहातावर हवा होता. मग त्यांच्या जावेला, मग जावेच्या सुनेला. "हात वर घ्या... अजून... डावीकडं!" मामा ओरडत होते. पण चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि सुनेला पदर सारखा करायला तीन मिनिटं लागत होती. आजी वैतागल्या. "अरे, त्याले म्हना ना घडीभर थांब!"

फ्लॅश तर सगळेच मारत होते. पावणेचार लाख किलोमीटरांवरच्या चंद्रावर फोनचा फ्लॅश! एवढा आशावाद आमच्या वऱ्हाडाखेरीज कुठे सापडणार?

त्याच मंडळींनी मग आम्हाला दुधाला बसवलं. इथला खवा आणि रबडी प्रसिद्ध, तेव्हा दूध कसं होतं ते विचारू नका. त्यांच्यातला एक कॉलेजकुमार म्हणाला, "मामा, पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, म्हणून चंद्र सपाट येतो. विवरं पाहायची तर अष्टमी बरी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना."

"मग अष्टमीला का नाही आलात?"

मामांनी मिशीवरची साय पुसली, पेला पुन्हा पुढे केला.

"अष्टमीले दूध कोन देते बावा?"