सरकारचे सोमवार

मालवणात सोमवारी मासे खात नाहीत. म्हणजे खाणारे खातात, पण बोलून दाखवत नाहीत. शंकराचा वार, चूल शिवराक, ताटात डाळ-भात आणि तोंडी लावायला उद्याच्या बांगड्याची चर्चा. आपल्या सरकारला मात्र मालवणातला सोमवार भलताच मानवलेला दिसतो. 4 डिसेंबर 2023, नौदल दिन, राजकोट किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते शिवरायांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण: सोमवार. 26 ऑगस्ट 2024, भर दुपारी तो पुतळा कोसळला: सोमवार. 24 फेब्रुवारी 2025, एका भंगारवाल्याच्या दुकानावर नगरपरिषदेचा जेसीबी: सोमवार. 24 मार्च 2025, त्या जेसीबीबद्दल सर्वोच्च न्यायालयाची नोटीस: पुन्हा सोमवार. ज्योतिष्यांनी यावर खुशाल बसावं. आमचा रस वारात नाही, वेगात आहे. एकाच गावात, एकाच सरकारचं एक काम वाऱ्यासारखं होतं आणि दुसरं बैलगाडीतूनही पोचत नाही, हे कसं काय?

आधी खऱ्या वाऱ्याचं बघू. पुतळा पडल्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की ताशी 45 किलोमीटर वेगाने वारं होतं आणि पुतळा नौदलाने उभारला होता. राजकोटात राहणाऱ्या माणसाला यातलं पहिलं वाक्य ऐकून जरा गंमत वाटली. पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा येतो तोच मुळी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा. पुतळ्यांनी किनाऱ्यावर उभं राहू नये, असं त्यात कधी कुणी लिहिलेलं नाही. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी 45 चा आकडा सांगितला. त्याने सुई थांबवली नाही. म्हणाला, ‘‘पंचेचाळीस? माझी लुंगी पण ऱ्हवता तेच्यात.’’

राजकोटच्या समोरच, पाण्यात, सिंधुदुर्ग उभा आहे. 1664 च्या नोव्हेंबरात त्याची पायाभरणी झाली, पायात शिसं ओतलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधवून घेतलेलं, आणि त्यात महाराजांची मूर्ती आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेलं. माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले, घरांची कौलं शेजारच्या गावात सापडली. शिवराजेश्वर आहे तिथे आहेत. अर्थात त्यांच्या कामाला निविदा नव्हती, आणि अनावरणाची तारीख गाठायची नव्हती.

चौकशी झाली. नौदल आणि राज्य सरकार यांच्या संयुक्त समितीने सप्टेंबरमध्ये अहवाल दिला. गंज, कमकुवत सांगाडा, चुकीचं वेल्डिंग आणि देखभालीची हेळसांड, ही त्यात आलेली कारणं. म्हणजे वारा निर्दोष सुटला. त्याची कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. महाराजांची मात्र सगळ्यांनी मागितली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी लातूर जिल्ह्यात मागितली, पंतप्रधानांनी 30 ऑगस्टला पालघरात, वाढवण बंदराच्या कार्यक्रमात मागितली. तेव्हाचे मंत्री दीपक केसरकर आमच्याच सावंतवाडीचे, आशावादी माणूस. त्यांना यात वाईटातून काहीतरी चांगलं घडण्याचा योग दिसला आणि त्यांनी शंभर फुटांचा पुतळा सुचवला. पस्तीस फूट पडले म्हणून शंभर फूट बांधायचे, हा हिशेब कोकणात नवा नाही. पहिली होडी बुडाली की दुसरी मोठी घेण्यासाठी कर्ज काढणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. फरक इतकाच, की ते आपल्या बायकोचे दागिने गहाण ठेवतात.

या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वात आवडता कागद वेगळाच आहे. पुतळा पडला 26 तारखेला. त्याच्या सहा दिवस आधी, 20 ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला पत्र लिहिलं, की पुतळ्याचे नट-बोल्ट गंजलेत, काहीतरी करा. सरकारी पत्र म्हणजे काय चीज आहे बघा. गंज दिसला, तर बोल्ट नाही बदलायचा, पत्र लिहायचं. ते आवक-जावक नोंदवहीत चढवायचं, नंबर टाकायचा, प्रत माहितीसाठी अमुक साहेबांना. कागद पोचेपर्यंत पुतळ्याने धीर धरायला हवा होता. त्याने धरला नाही. मग पुतळा पडल्यावर पोलिसांत फिर्याद कुणी दिली? त्याच बांधकाम खात्याने. कुणाविरुद्ध? कल्याणचा तरुण शिल्पकार आणि कोल्हापूरचा बांधकाम सल्लागार. दोघांना अटक झाली, पुढे दोघे उच्च न्यायालयातून जामिनावर सुटले. चोविशीतल्या पोराला एवढं काम कुणी दिलं, कुणी तपासलं, कुणी पास केलं, हे प्रश्न ज्या खुर्च्यांना विचारायचे त्या खुर्च्या फिर्यादीच्या बाजूला मांडलेल्या होत्या. बांधकाम खात्याच्या मालवणच्या कार्यालयाची तोडफोड तेव्हाचे आमदार वैभव नाईक यांनी मात्र पुतळा पडला त्याच दिवशी केली, आणि गुन्हाही लगेच दाखल झाला. काचेच्या बाबतीत आपली यंत्रणा चपळ आहे.

आता जरा बांधकाम नियमांकडे वळू, कारण पुढच्या गोष्टीला त्यांचाच आधार आहे. तेव्हाचे कला संचालक बोलून गेले, की आमची मंजुरी सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला होती. पुढे पुतळा 35 फूट होणार, त्यात पोलाद वापरणार, हे आम्हाला कळवलंच नाही. सहाची परवानगी आणि पस्तीसचं काम! तुम्ही-आम्ही घराला पडवी दोन हात पुढे काढली, तर नगरपरिषदेचा माणूस टेप घेऊन दारात उभा राहतो. इथे वाढीव 29 फूट समुद्राच्या तोंडावर, दिवसाढवळ्या, नौदलाच्या साक्षीने उभे होते आणि कुणाच्या टेपला ते सापडले नाहीत.

मात्र मालवणची नगरपरिषद झोपलेली असते, असा गैरसमज करून घेऊ नका. 23 फेब्रुवारी 2025, रविवार. दुबईत भारत-पाकिस्तान सामना. आपण सहा गडी राखून जिंकलो, विराट कोहलीचं शतक झालं, फटाके वाजले. एवढ्यावर गाव खुशीत झोपायला हरकत नव्हती. पण एका भंगारवाल्याच्या घरातल्या अल्पवयीन मुलाने सामन्याच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला. पोलिसांत तक्रार, मुलगा ताब्यात, आईबापांना अटक. आरोप खरा की खोटा, हे ठरवायला कोर्ट आहे. ते ठरवेलच. पण नगरपरिषदेला दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम आठवलं, की याचं दुकान अनधिकृत आहे. इतकी वर्षं तो तिथे पत्रे तोलत होता तेव्हा आठवलं नाही. जेसीबी आला, दुकान गेलं. आमदार निलेश राणे यांनी समाजमाध्यमावर नगरपरिषदेचे आणि पोलिसांचे जाहीर आभार मानले. गटार तुंबल्याचा अर्ज दिलेल्या माणसाने हे आभार वाचून काय केलं असेल, ते देवाला ठाऊक.

इथे मला त्या धंद्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. भंगारवाला ही मोठी जाणती जात. तुम्ही पितळेचा म्हणून नळ घेऊन जा. तो बोलत नाही, खिशातून लोहचुंबक काढून टेकवतो. चिकटला की तुमचा भाव पडला. खिडकीचा गज घेऊन जा, तो नखाने पापुद्रा उडवतो, आत किती लोखंड शिल्लक आणि किती नुसती लाल माती, ते वजन करायच्या आधी सांगतो. खाऱ्या वाऱ्यात कुठला बोल्ट किती पावसाळे काढील, याचं ज्ञान सबंध मालवणात कुणाच्या बोटांत असेल, तर ते याच धंद्यातल्या माणसांच्या. राजकोटावर अनावरणाआधी असल्या एखाद्या माणसाला चहा पाजून नुसतं उभं केलं असतं, तरी समितीचा खर्च वाचला असता. आपण काय केलं? गंज ओळखणाऱ्याचं दुकान पाडलं.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 लाच अशा बुलडोझरांबद्दल निकाल देऊन ठेवला होता. पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने. शिवाय ती बांधकामावर चिकटवा. म्हणणं ऐका. पाडाल त्याचं चित्रीकरण करा. नियम मोडून पाडलंत, तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, पदपथ, नदीपात्र असल्या सार्वजनिक जागांवरचं अतिक्रमण यातून वगळलं. निकाल दिल्लीत लागला, मालवणात पोचायला त्याला तीन महिने पुरले नाहीत. भंगारवाल्याच्या याचिकेचं म्हणणं असं, की नोटीस-बिटीस काही मिळालीच नाही. न्यायालयाने मग नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अवमानाबद्दल नोटीस काढली आणि उत्तर द्यायला मुदत दिली. मुदत! ज्याने दिली नाही म्हणतात, त्याला मिळाली. कायद्याचं राज्य ते हेच, आणि मला त्यात उपहास करायला जागा सापडत नाही म्हणून मी जरा हिरमुसलो.

आमच्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं घालतात. मालवणची ग्रामदैवतं रामेश्वर आणि नारायण, त्यांच्यासमोर उभं राहून मी मनातल्या मनात घालून बघितलं:

‘‘बा देवा रामेश्वरा, नारायणा, म्हाराजा! रविवारची मॅच संपल्यार जो काय जेसीबी सोमवारी वाट न चुकता बरोब्बर भंगाराच्या दुकानार जावन पोचलो, तशीच वाट बांधकाम खात्याच्या फायलीक दाखय रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘वीस तारखेक गंजाची खबर घेवन जी चिठ्ठी निघाली, ती आजून खंय वाटेत आसात तर तिका पोचती कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘रात्रीचे समुद्रात एलईडीचे दिवे लावन जे कोण आमचे मासे ओरबाडून नेतत, बंदी येवन वर्सां झाली तरी, तेंच्या बोटींका जेसीबी लागणा नाय ह्या माका म्हायत आसा, पण गस्तीच्या बोटीत डिझेल तरी घाल रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आणि ह्येच्यात काय चुकला-माकला आसात, तर ता पदरात घी, एफआयआरात घेव नको रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणणाऱ्यांचा आवाज शेवटच्या ओळीला जास्त मोठा आला.

नवा पुतळा झाला आहे. राम सुतार यांच्या शिल्पशाळेतून आलेला, ब्राँझचा, तलवारीच्या टोकापर्यंत जमिनीपासून 91 फूट. 11 मे 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते पूजन झालं. वार रविवार, एवढी काळजी या खेपेला घेतलेली दिसते. कसल्याही वादळात शंभर वर्षं टिकेल, असं सांगण्यात आलं. काम करणारे हात जाणते आहेत आणि पुतळा बघताना मान आपोआप वर जाते, हे कबूल करायला मला काही अडचण नाही. मग जून आला. पहिल्या जोरदार पावसात चौथऱ्याच्या बाजूची जमीन खचली. खात्याने सांगितलं, भरावाची माती बसली, पुतळ्याला धोका नाही. लगेच माणसं आली, खड्डा बुजवला, वर फरशा नीट लावल्या. पत्र लिहीत बसले नाहीत, ही सुधारणाच म्हणायची.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्याला मी तेही सांगितलं. या खेपेला त्याने सुई थांबवली.

‘‘वाऱ्याक कोणी नाव ठेवूक नाय मां?’’

नाही, म्हटलं, या वेळी मातीचं नाव आलंय.

‘‘मग बरा,’’ म्हणाला आणि पुढची गाठ मारली.