आजोबांची घडी विस्कटू नये म्हणून

ज्यांच्या कपाटात आजोबांचे मनगटी घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून होते आणि मोबाइलवर तसल्याच घड्याळाची किंमत पाहिल्यावर ज्यांना आजोबांची एकाएकी आठवण येऊ लागली, अशा जळगाव जामोद तालुक्यातील समस्त वारसांच्या हितासाठी घड्याळाची पारख, जपणूक आणि विमा यांविषयी हे मार्गदर्शन आहे. आजोबा असल्यापासून ज्यांच्या घरी त्या घड्याळाला रोज सकाळी चावी दिली जाते, त्यांनी हे वाचण्याची गरज नाही. त्यांच्याकडे फक्त घड्याळ आहे, वारसा नाही.

आपल्याकडे नेमके काय आहे, हे आधी ठरवावे. आजोबांनी रोलेक्स घातले असण्याची शक्यता सुरुवातीलाच सोडून द्यावी, म्हणजे पुढचा बराच मनस्ताप वाचतो. घराण्याचा कापूस खामगावच्या बाजारात बऱ्या भावाने जात असेल, तर फेवर लुबा निघू शकते. ही स्विस कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात घड्याळे विकत होती. घरात कोणी रेल्वेत किंवा पलटणीत असेल, तर वेस्ट एंडची सोवार प्रायमा निघेल. वेस्ट एंडने १८८६ साली मुंबईतच बस्तान बसवले होते. उरलेल्या सर्वांकडे एचएमटी आहे, हे नाइलाजाने मान्य करावे. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने हा सरकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतर ‘जनता’ मास्तरांच्या मनगटावर आणि ‘कांचन’ जावयाच्या मनगटावर, अशी देशाची वाटणी झाली. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. कारखाना शेवटच्या घटका मोजत होता तोवर या घड्याळांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. टाळे लागल्यावर सगळ्यांना त्यांचे प्रेम आले.

डायलवर ‘१७ ज्वेल्स’ वाचून सराफाकडे धावू नये. ती कृत्रिम माणके असतात. चाकांच्या अक्षांची टोके झिजू नयेत म्हणून ती बसवलेली असतात. रजतनगरी खामगावचा सराफ ती उतरवून घेणार नाही आणि त्यांच्यावर चहाही पाजणार नाही.

आता अस्सलपणाकडे वळू. जुन्या घड्याळाला आपल्याकडे ऊन, धूळ, जिनिंगचे कापूसकण आणि आपुलकी असे चार शत्रू आहेत. पैकी पहिले तिघे परवडले. मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याला जे ऊन पडते त्याने यंत्रातले तेल आटते, धुळीत मिसळून त्याचा चिकटा होतो आणि घड्याळ थांबते. मग घरातले जाणते म्हणतात, पोराने जास्त चावी दिली. हा पोरावर धडधडीत अन्याय आहे. चावी पूर्ण भरली म्हणून घड्याळ बंद पडत नाही, तेल सुकल्यामुळे पडते. ते धुऊन, नवे तेल देऊन चालू होते आणि त्यासाठी ते घडीसाजाकडे न्यावे लागते. आपुलकीचा खरा धोका इथून सुरू होतो.

घडीसाज म्हणजे जिन्याखालच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेला गृहस्थ. तो प्रामाणिक असतो, अडचण तीच आहे. त्याच्या धंद्याचा धर्म घड्याळ चालू करणे हा आहे, जुने राखणे नव्हे. मोडलेला काटा दुसऱ्याच कंपनीच्या घड्याळातून काढून बसवावा, उडालेली चावी मिळेल ती लावावी, केसला पॉलिश मारून कडा गुळगुळीत कराव्यात, याला तो सेवा समजतो आणि गेली साठ वर्षे आपणही तेच समजत आलो. तेव्हा त्याच्याशी होणाऱ्या संवादाची तयारी घरूनच करून जावी. तो साधारण असा होतो :

“भाऊ, डायल पिवळी पडली. नवी टाकून देतो. तुमाले वळखूच येनार नाई.”

“नको, जुनीच राहू द्या.”

“काहून? पैशाची अडचन हाय का?”

‘वळखूच येनार नाई’ हे तो कौतुकाने सांगत असतो. वारसाने मात्र या वाक्याला दचकून घड्याळ परत खिशात घालावे. दचकणे जमत नसेल, तर नम्रपणे सांगावे की फक्त मशीन धुवा आणि तेल द्या, डायलला फडके लावू नका आणि काढलेला प्रत्येक बारीकसारीक भाग पुडीत बांधून परत द्या. तो आपल्याला चक्रम समजेल. समजू द्यावे, त्याचा विमा लागत नाही.

हे एवढे का, तर या बाबतीत आपल्या राज्याचे नाव जगभर गाजलेले आहे. जुनी मशीन, रंगवलेली नवी डायल, तिसरीकडचे काटे आणि घासूनपुसून चकचकीत केलेली केस यांची मोट बांधून केलेल्या घड्याळाला परदेशातले हौशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ते हे नाव आदराने घेत नाहीत. लाल, निळी, हिरवी अशी डायल आणि तिच्यावर बोटभर अक्षरांत कंपनीचे नाव दिसले, की त्यांना पुढे काही पाहावे लागत नाही. आपल्या घरचे घड्याळ त्या जातीचे आहे का, हे बाहेर कोणाला न विचारता भिंगाखाली पाहावे. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, अक्षरांच्या कडा फुटल्यात का, डायलवरचे नाव आणि आतल्या मशीनवर कोरलेले नाव एकच आहे का, एवढे तपासले तरी पुरते. देवनागरी अक्षरांची ‘जनता’ निघाली तर आनंद जरा बेताने करावा. हौशी लोक ती शोधत असतात, म्हणून ती नव्यानेही छापली जाते.

जुन्या काट्यांवरचे रेडियम खरवडून साफ करण्याचा मोह होईल. तो आवरावा. अंधारात चमकणारा लेप कालांतराने निकामी होतो, पण त्यातले रेडियम जागेवरच असते आणि ते निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. चमक गेली म्हणून विषही गेले, असा हिशेब इथे चालत नाही. घड्याळ मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरला खेटूनही ठेवू नये. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की घड्याळ पुढे धावू लागते आणि मग माणूस तहसील कार्यालयात साहेबांच्या आधी पोचतो.

मागच्या झाकणावर नाव कोरलेले असेल, तर ते घासू नये. आपल्याकडे ताटवाटीपासून पिंपापर्यंत सगळ्यावर नाव घालण्याची चाल आहे, त्यातून घड्याळही सुटलेले नाही. २०१७ साली न्यूयॉर्कला अभिनेता पॉल न्यूमनचे रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरांना लिलावात गेले. त्याच्या पाठीवर बायकोने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. आपल्या आजोबांच्या घड्याळामागे बहुधा ‘सासरकडून सप्रेम भेट’ असेल. त्याने भाव किती चढेल ते बाजारच जाणे, पण आजीच्या माहेरची माणसे हक्क सांगायला येतील हे नक्की. तेव्हा झाकण कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, याचे तारतम्य राखावे.

एवढे झाल्यावर विमा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची घराची पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली आहे. तिच्यात जादा हप्ता भरून दागिने, चित्रे, जुन्या दुर्मीळ चिजा यांचा आधी ठरवलेल्या किमतीला विमा घेता येतो. एका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत आणि सगळ्यांची मिळून ५ लाखांपर्यंत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. ‘जनता’साठी यापलीकडे जाण्याची वेळ येणार नाही, हे इथे हळुवारपणे नमूद करतो. पत्ता लिहिताना ‘जळगाव’वर थांबू नये. ‘जामोद’ गाळले तर पॉलिसी खानदेशात जाते आणि परत येईपर्यंत हप्त्याची पुढची तारीख उजाडते.

ही पॉलिसी कशाकशापासून संरक्षण देते, हे वाचून ऊर भरून येतो. आग आहे, वीज आहे, भूकंप आहे. ज्वालामुखी आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला, पण विमा कंपनी गाफील राहिलेली नाही. त्सुनामी आहे. समुद्र सुरतेपलीकडे असला म्हणून काय झाले? क्षेपणास्त्राच्या चाचणीने झालेले नुकसानही आहे. आजोबांच्या घड्याळावर क्षेपणास्त्र पडले, तर वारसांनी निश्चिंत असावे. यात पूरही आहे आणि त्याची मात्र थट्टा करता येत नाही. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पाण्याने काय केले, ते ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना विचारावे.

चोरीही आहे, पण तिला शिस्त आहे. पूर, आग यांसारखी घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच झालेली चोरीच मूळ पॉलिसीत धरली जाते. म्हणजे चोराने आधी पुराची वाट पाहावी आणि पाणी ओसरल्यावर आठवड्याच्या आत यावे. जो सुक्यात येतो त्याच्यासाठी घरफोडीचे कवच वेगळे घ्यावे लागते. शिवाय एखादी वस्तू नुसतीच दिसेनाशी झाली, कुठेतरी ठेवली गेली, नेमक्या कोणत्या घटनेने गेली ते सांगता येत नसेल, तर भरपाई नाही. आता मराठी घरातून वस्तू जाते ती याच एका मार्गाने. ती दिवाळीच्या आवराआवरीत जाते. भाचा सुटीत येऊन गेल्यावर ती दिसत नाही आणि भाच्याचे नाव तर कोणी घेऊ शकत नाही, कारण त्याची आई समोर बसलेली असते. ज्वालामुखीची तरतूद करणाऱ्याने भाच्यापुढे मात्र हात टेकले आहेत.

घड्याळ अंगावर घालून हिंडायचे असेल, तर ‘ऑल रिस्क’ नावाचे दुसरे कवच असते. नावाला भुलू नये. अशा बऱ्याच पॉलिसींत घड्याळाला जास्त चावी देणे, पोचे पडणे, आतला बिघाड आणि साफसफाई-दुरुस्ती करताना झालेले नुकसान वगळलेले असते. आपण वर घडीसाजाला जे जे समजावले, ते ते त्याने नाही ऐकले तर ती जोखीम आपली. गाडीतून चोरी झाली, तर गाडी पूर्ण बंदिस्त असावी आणि सर्व दारे-काचा कुलूपबंद असाव्यात, अशीही अट बहुधा असते. नांदुऱ्याला जाणाऱ्या काळीपिवळीचे दार चालकाचा मदतनीस हाताने धरून उभा असतो, हे दावा अर्जात लिहू नये.

हप्ता आणि घड्याळाची किंमत शेजारी शेजारी मांडली, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आठवेल. तरी जोखमीचा अंदाज बांधण्याच्या कामाला आपल्या तालुक्याने हसू नये. इथल्याच भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. अठरा धान्ये वर्तुळात मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर घागर आणि करंजी-पापड. दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीतून काय हलले ते पाहून पीक-पाण्याचे आणि राजाचे भाकीत सांगतात. विमा कंपनीचे गणिती याहून फार वेगळे काय करतात? त्यांच्याकडे करंजी-पापड नसतो आणि ते पहाटे उठत नाहीत. मात्र मांडणीच्या अठरा धान्यांत घड्याळासाठी एकही नाही, तेव्हा त्यापुरते कंपनीवरच विसंबावे लागेल.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. तो शेवटी घेतला, कारण आधी घेतला असता तर पुढचे कोणी वाचले नसते. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले नुकसान होते, तिचाच विमा आपल्याला घेता येतो. घड्याळाला सातबारा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित वस्तूत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे आजोबांच्या घड्याळात आत्याही आहे. शेताच्या वेळी तिच्याकडून हक्कसोड कशी घेतली होती, साडी-चोळी कितीची होती आणि सही कोणत्या ओट्यावर झाली, याची उजळणी घरातल्या पुरुषांनी एकमेकांत करून घ्यावी. त्या कागदात शेत होते, घड्याळ नव्हते. त्या वेळी ते कोणाला नकोच होते.

तिला टाळूनही चालणार नाही. घड्याळ आजोबांचेच होते आणि डायल पहिल्यापासून अशीच होती, याचा घरात उरलेला पुरावा एकच आहे, तो स्टुडिओतला फोटो. आजोबा खुर्चीवर बसले आहेत, आणि घड्याळ दिसावे म्हणून बाही मुद्दाम वर सारली आहे. त्या काळी फोटोच त्यासाठी काढत. वाटण्यांच्या वेळी भांडी मोजून झाली, कपाट गेले, पलंग गेला आणि तो फोटो कोणी घेईना, तेव्हा आत्याने पदराखाली धरून नांदुऱ्याला नेला. आता विम्यासाठी तोच लागणार आहे.

तो मागायला जाताना साडी नेऊ नये. मागची साडी तिला अजून आठवते. आधी चहा घ्यावा, गुडघ्यांची चौकशी करावी, फोटोचा विषय निघताना निघावा. आणि काहीही झाले तरी घड्याळ हातात घालून जाऊ नये. तिने किती वाजले म्हणून विचारलेच, तर मोबाइल काढून त्यात बघून सांगावे.