निवारा केंद्राची चावी कुणाकडे?

मोबाइल किंचाळतो. पडद्यावर धोक्याचा इशारा उमटतो. आपण आवाज बंद करतो आणि ताटात आणखी थोडं वरण वाढून घेतो. सूचना पोचली. माणूस जागचा हलला नाही.

वर्धा जिल्ह्यात पूर यायला आपल्याच डोक्यावर पाऊस पडावा लागतो, असं कुणी सांगितलं? वर्धा नदीवरच्या निम्न वर्धा धरणाला ३१ दरवाजे आहेत. ते उचलले की पाणी पुलगावच्या दिशेने निघतं. नागपूर जिल्ह्यातल्या वडगाव धरणातून पाणी सोडलं की वणा नदी ते हिंगणघाटला आणते. आपल्या अंगणात ऊन पडलेलं असतं आणि नदी काठ सोडत असते.

३० जुलै १९९१. याच वर्धा नदीने नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात येतं, म्हणून आपण निश्चिंत राहायचं?

जिल्हे माणसांनी आखले. नदी तीच आहे.

२०२२च्या जुलैत हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांत पाणी घरांत घुसलं, माणसं हलवावी लागली. त्यातल्या किती घरांत आदल्या संध्याकाळी पिशवी भरून तयार होती?

अंधारात, छातीभर पाण्यात, म्हातारीला पाठंगुळी घेऊन निघणाऱ्याचे फोटो छापून येतात. त्याच म्हातारीला दुपारी चारला बंडीत बसवून नेलं असतं, तर फोटो आला नसता. म्हातारी कोरडी राहिली असती.

टोंगळाभर धावतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. दोन फूट पाणी चारचाकी उचलतं. तरी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारा दर पावसाळ्यात निघतोच. निवाऱ्याकडे जायचं ते रस्ता दिसत असताना. पाणी दारात आल्यावर तो रस्ताच उरत नाही.

काय न्यायचं? सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक, पीकविम्याची पावती. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, दोनदा गाठ मारून. हे सगळं बहुतेक घरांत पलंगाखालच्या लोखंडी पेटीत असतं. पाणी सगळ्यात आधी तिथेच पोचतं.

बॅटरी, सुके कपडे, चादर, प्यायचं पाणी, मुरमुऱ्यांचा चिवडा, फुटाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या. निवाऱ्यात पहिलं गरम जेवण रात्री येईल की सकाळी, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकतं का? आणि १०७७, ११२, १०८ हे नंबर कागदावर लिहा. मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले नंबरही गेले.

दागिने नंतर, गोळ्या आधी. बीपी, शुगर, टीबी, ज्याची जी असेल ती, आठवडाभर पुरेल एवढी. इन्सुलिन लहान मडक्यात, वरून ओलं फडकं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण गावोगावी आहेत. गारठा लागला, पाणी कमी प्यायलं, की त्यांच्या वेदना उसळतात. अशा पोराला ओल्या फरशीवर झोपवणार?

दिवस भरत आलेल्या बाईला शाळेतल्या निवाऱ्यात नेऊच नका. रस्ता चालू असतानाच तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवा. बाळंतपण पूर ओसरायची वाट पाहत नाही.

ढोरांचं काय? दावं सोडा. खुंट्याला बांधलेलं जनावर जागीच बुडतं, मोकळं जनावर उंचावर चढतं. ती उंच जागा कुठे आहे, हे आजच हेरून ठेवा.

आणि लाज? 'शाळेत जाऊन झोपायचं, लोक काय म्हणतील?' आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा आहे. निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला तोच सांगतो. ही कुणाची मेहेरबानी नाही.

आता दुसरी बाजू. निवारा केंद्र म्हणजे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर समाजमंदिर. रविवारी रात्री अकराला त्याची चावी कुणाकडे? मुख्याध्यापक वर्ध्याला राहत असतील तर?

बायकांच्या संडासाला आतून कडी आहे? वीज गेली तर दिवा आहे? हातपंप पुरात बुडाला तर क्लोरीनच्या बाटल्या कुठे ठेवल्या आहेत? पायऱ्या न चढता येणाऱ्या माणसाला आत कसं नेणार? निवारा भरल्यावर विचारलेल्या या प्रश्नांना उत्तर नसतं.

टिनाचं छप्पर असेल, तर वावधनात ती शाळा निवारा नाही. वाऱ्याने उडालेला पत्रा गळ्यावर सुरीसारखा येतो. स्लॅबची इमारत शोधा. गावात एकही नसेल, तर हे तहसीलदारांना लेखी कळवा.

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा त्यांच्या कचेरीत असतो. पण रात्री पाणी चढताना कचेरीतला आराखडा कोण वाचणार? तो गावातल्या भिंतीवर हवा, ऑइलपेंटने, मोठ्या अक्षरांत.

परतण्याचीही घाई नको. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा, ओल्या अंथरुणात आणि कोपऱ्यात साप असू शकतो म्हणून आधी काठीने हलवून बघा. चिखल काढण्यापूर्वी फोटो घ्या. स्वच्छ केलेल्या घराचा पंचनामा कशावर करणार?

१ मेला ग्रामसभा असते, पावसाळ्याच्या महिनाभर आधी. विषयपत्रिकेवर हा विषय नसेल तर हात वर करा, ठराव मांडा. चावी दोन माणसांकडे, दोघांचे फोन नंबर भिंतीवर. कडी, दिवा, क्लोरीन यांची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे, तारखेसह. आणि आळीत चालता न येणारी माणसं कोण, त्यांना कोण उचलून आणणार, हेही त्याच ठरावात लिहा.

नावानिशी.