लुगडी धुऊन आणा

यवतमाळचा पारा ४५ च्या घरात गेला की आमच्याकडे गोधड्यांचा हंगाम सुरू होतो. बाहेरगावच्या माणसाला हे वेडेपण वाटतं. पण जरा कापसाच्या पंचांगानं पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होतं, पहिला वेचा निघतो, आणि तिथून बायांचे हात पऱ्हाटीत अडकतात ते फरतडीचा शेवटचा वेचा संपेपर्यंत. मृग लागला की पुन्हा सरकी टोबायची. मधे उरतो तो चैत्र-वैशाख. दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही, वरचा पंखा गरम हवाच खाली लोटत असतो, आणि लग्नांचे पाहुणे निजवायला अंथरूण तर लागतंच. म्हणून हिवाळ्याची वस्तू भर उन्हाळ्यात तयार होते.

मी मशीनवर शिवते. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण 'गोधडी शिवते' म्हटलं की समोरच्याचे डोळे पाणावतात, त्याला त्याची आजी आठवते. आणि 'मशीनवर' म्हटलं की ते पाणी लगेच आटतं. "अरेरे, पण हाताची सर नाही हो!" असं म्हणणाऱ्यांत सुई कधी हातात धरलेलं माणूस मला फारसं भेटलेलं नाही. हातच्या गोधडीबद्दल हळवं व्हायला एक अट असते, ती आपण शिवलेली नसावी लागते.

आमच्या सासूबाईंना हा हळवेपणा अजिबात नाही. त्यांनी जन्मभर हातानं शिवल्या. पाहुण्यानं फार कौतुक केलं की त्या म्हणतात, "हाती शिवली म्हून काय मोठी झाली? तवा मशीन कोणाच्या घरी होती? असती त म्या काय डोळे फोडून घेतले असते?"

त्यांचं मत गांधीजींच्या मताशी जुळतं हे त्यांना ठाऊक नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला सूट दिली होती. मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक, असं ते म्हणाले आणि कारणही सांगितलं : बायको हातानं शिवता शिवता दमते हे सिंगरला पाहवलं नाही, म्हणून प्रेमापोटी त्यानं हे यंत्र काढलं. ते शेजारच्या वर्ध्यात राहायला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि गोष्ट फार गोड आहे. फक्त सिंगरसाहेबांना ती लागू पडत नाही. आयझॅक सिंगर हा नाटक कंपनीतून फिरलेला माणूस. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात त्यानं दुसऱ्याचं अडखळणारं मशीन पाहिलं, त्यात पैसा आहे हे ताडलं आणि पुढच्याच वर्षी पेटंट घेतलं. बायकोच्या कष्टांचं म्हणाल तर त्याचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते आणि लेकरं दोन डझनांच्या आसपास. एवढ्यांचे कपडे शिवायचे म्हटल्यावर मशीन लागणारच की! तरी त्याचे उपकार मी मानते. हप्त्यानं मशीन विकायची चाल त्याच्याच कंपनीनं रुळवली, आणि माझं मशीनही हप्त्यावरच आलं.

मशीननं काम वेगानं होतं हे खरं. सोपं होतं असं मात्र कुणी समजू नये. घरगुती मशीनच्या मानेखाली वीतभरही जागा नसते. मधली ओळ मारायची तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या फटीतून पलीकडे न्यावी लागते. त्याआधी थर मांडायचे. त्याला घरातली सगळ्यात मोठी जागा, म्हणजे बैठकीची खोली लागते, आणि त्याच दिवशी पाहुणे येतात. थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर वजन : एकावर वरवंटा, एकावर तुरीच्या डाळीचा डबा, उरलेल्या दोन्हींवर लेकाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. त्या पुस्तकांचा एवढा उपयोग तरी नक्की झाला आहे. मग कच्चे टाके घालायचे, आणि शिवताना मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, म्हणजे झोळ बाहेर निघून जातो. हातानं शिवणाऱ्या बाया नेमकं उलट करतात. गोधडीवरच बसतात, कडेनं सुरू करतात आणि फेर धरत मधे येतात. चौघी चार बाजूंना बसल्या की शेवटच्या फेरात त्यांची डोकी एकमेकींना लागतात आणि गावातली एकही गोष्ट गुप्त राहत नाही. मशीनच्या घरघरीत ही सोय नाही. ही खरी हानी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी हळवं होत नाही.

शिवताना गोधडीचं ओझं मागं लोंबून सुईला ओढतं. ते तोलून धरायला माणूस लागतो. आमचे हे निवृत्त शिक्षक असल्यामुळे हे पद त्यांच्याकडे आपोआप आलं. एका हातानं गोधडी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. माझ्या शिलाईत कुठं ओळ वाकडी गेलेली दिसली तर तिथं अग्रलेख संपून क्रीडापान लागलं असं समजावं. आणि बॉबिनचा दोरा संपायची वेळही ठरलेली, पोळी तव्यावर असते तेव्हा.

लोकांना एका गोष्टीचं नवल वाटतं. जिल्हा कापसाचा, आणि गोधडीत कापूसच नाही? नाही. गादीत, रजईत कापूस भरतात. त्यासाठी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारावर यायचा. गोधडी मात्र नुसत्या कापडाच्या थरांची. कारण कापूस विकायचा असायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसलं. मग रेल्वे आली. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस न्यायला आमची शकुंतला आगगाडीही आली. तिचं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. आपलाच कापूस समुद्र ओलांडून जायचा, मांजरपाट होऊन परत यायचा, अंगावर विरायचा, आणि अगदीच कामातून गेला की गोधडीत शिरायचा. पिकवणाऱ्याच्या वाट्याला त्याचा कापूस आला तो असा, शेवटी.

त्या यादवीच्या दुसऱ्या टोकाला अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं गाव आहे. तिथल्या बाया कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या वंशातल्या. नवऱ्यांच्या विटलेल्या कामाच्या पँटी आणि सदरे जोडून त्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात टांगल्या गेल्या, तिथून न्यूयॉर्कला गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. हे मी सासूबाईंना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वरखाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्यावानीच हाय की. त्याहीच्याकडेबी चिंध्याच निघते." महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरही मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं आहे. पँटींचं म्हणाल तर त्या माझ्याकडेही येतात. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम विणलं जातं, तेव्हा जीन्सला नाही म्हणणं गावाला शोभत नाही. पण तिच्या जाड शिवणीवर १८ नंबरची सुईसुद्धा कडकन मोडते.

कापडाचं गणित मात्र पार बिघडलं आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरच्या बरोबर चार घड्या पडायच्या. एक लुगडं, एक गोधडी, वर-खाली दुसरं काही असलं तर चैन. पाचवारीत तीन थरसुद्धा पुरे भरत नाहीत. त्यातून आता येतात त्या जॉर्जेट नाहीतर सुरती पॉलिस्टर. मशीनखाली त्या पाऱ्यागत पळतात; वरचा थर पुढं, खालचा मागं. रात्री अंगावर घेतल्या की घाम टिपत नाहीत. गठ्ठ्यात एखादं सुती पातळ निघालंच तर हमखास कुणाच्या तरी आजीचं असतं. ते मी अंगाला लागेल अशा बाजूला लावते. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात पांघरायला सुती कापड शोधावं लागतं, यावर सरकारनं समिती नेमली तरी माझी हरकत नाही.

आता हाताच्या कामाकडे येते, कारण ते मी सोडलेलं नाही. आमच्या घरात सासूबाईंच्या आईची गोधडी आहे, दारव्ह्याकडून आलेली. हिरवं लुगडं, एका आजोबांचं धोतर, कुणाच्या तरी फेट्याचा गुलाबी तुकडा. कोणता तुकडा कोणाचा यावर घरात दोन पक्ष आहेत. ही विरली तेव्हा सासूबाई सरळ म्हणाल्या, "टाक मशीनीवर." मी टाकली नाही. यात भावनेचा भाग थोडा, कापडाचा जास्त. जुन्या कापडावर मशीन चालवलं की सुईची भोकं टपाल तिकिटांमधल्या भोकांसारखी ओळीनं पडतात आणि कापड तिथंच फाटतं. शिवाय हल्लीचा पॉलिस्टर दोरा कापडापेक्षा बळकट; तो तुटत नाही, कापड कापतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट बसतात. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा, खालीवर जाणारा. तो थोडा सैल असतो, धुतल्यावर कापड आटलं की सुरकुत्या पडतात, त्यांत हवा राहते आणि ऊबही. तेव्हा अशा गोधडीला सुती दोरा, बारीक सुई आणि हात. दुसरा इलाज नाही.

हे काम रात्री, जेवणं आटोपल्यावर. दिवसा मशीननं पैसे मिळवायचे म्हणजे रात्री फुकटात डोळे शिणवता येतात, असा आमचा व्यवहार आहे. सासूबाईंना आता सुई ओवता येत नाही, पण टाका दिसतो. पलंगावरून आवाज येतो, "मोठा पडला वं." उसवून पुन्हा घालावा लागतो. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवरूनही असं काम येतं. एखादी पोर आपल्या याडीच्या, म्हणजे आईच्या, जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, तुकडा घेऊन येते, आरसे-कवड्या लावलेला, आणि नव्या गोधडीत मधोमध बसवा म्हणते. आरशावरून मशीनचा फूट जातच नाही. मग मशीन थांबतं, तेवढा चौकोन हातानं, आणि भाव विचारल्यावर मी उगाच खोकते. बाळाचं दुपटंही हाताचंच. तिथं मात्र धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं आजीचं पातळच लागतं. नवं कापड कितीही महाग घेतलं तरी बाळ रडतं.

दारव्ह्याच्या गोधडीवर सध्या आमच्या लेकीचा डोळा आहे. ती पुण्याला असते. तिला ती गोधडी काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावायची आहे. तिनं फोनवर हा बेत सांगितला तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "काऊन? भितीले थंडी वाजून राह्यली काय?"

मी सासूबाईंच्या बाजूची आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावर ठिगळांचं वस्त्र वागवत गावोगाव फिरले, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी. स्वतःच्या अंगावर अखेरपर्यंत तेच. गोधडी वापरायची कशी हे आमच्या भागाला त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नसेल. घडी घालून डांबराच्या गोळ्यांत पुरलेली गोधडी वर्षानुवर्षं दिवाणाखाली कुजते, घडीवरच चिरते, आणि मग ती माझ्याकडे येते, 'आईची शेवटची आठवण' म्हणून, अशा अवस्थेत की तिला सुई लावायची भीती वाटावी. रोज पांघरलेली गोधडी उलट दुरुस्त करता येते. कारण फाटलं की लगेच दिसतं.

तर यंदा घटस्थापनेच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवाल तेव्हा दिवाणाखालची गोधडीही काढा, ऊन द्या, आणि थंडीत कुणाच्या तरी अंगावर घाला. माझ्याकडे आणायची असेल तर जरूर आणा. फक्त धुऊन, वाळवून आणा. पदराला लावलेल्या सेफ्टी पिना आधी काढा, कारण त्यांनी सुई मोडते. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा आमच्याकडे शेव-चकलीचा हंगाम असतो.