फाट्यावर पाटी नाही

आमच्या बीड जिल्ह्यात रस्त्याच्या कामाची पाटी सहसा चुकत नाही. कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च, सगळं ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं. पण त्याच रस्त्यानं पुढं जाऊन फाटा लागला की डावीकडं कोणतं गाव आणि उजवीकडं कोणतं, हे सांगणारी पाटी नसते. असलीच तर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला असतो. फ्लेक्सवर सगळ्या मित्रमंडळाचे चेहरे असतात, गावाचं नाव मात्र झाकलेलं. मला याचा मनापासून राग येतो, आणि हा राग कुणी किरकोळीत काढू नये.

चारचाकीतला माणूस चुकीच्या फाट्याला वळला तर पाच मिनिटांत परत फिरतो. विजेच्या सायकलवर बसलेल्याचं तसं नसतं. बॅटरीत किती दम उरलाय त्यावर त्याची संध्याकाळ ठरते. तीन किलोमीटर चुकीचे जाणं आणि तीनच परत येणं म्हणजे पुढचा एक चढ हातातून गेला.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरी करतो. तिकडं सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची बायको विजेच्या सायकली भाड्यानं घेऊन खेडी बघत हिंडतात. दिवाळीला दोघं आले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आजोळचा बालाघाट मी आजवर नुसता एसटीच्या खिडकीतून पाहिलाय. यंदा सायकलवर जाऊ." बीडमध्ये शोधून अशी सायकल भाड्यानं मिळाली नाही, म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून तीन आणल्या.

दुकानदारानं अनामत घेतली ती घेतलीच, वर माझं मूळ आधार कार्डही ठेवून घेतलं. झेरॉक्स चालत नाही म्हणाला. तीन सायकलींना चार्जर दोनच दिले आणि त्यांतल्या एकाची वायर इतकी आखूड, की भिंतीवरच्या सॉकेटला लावला तर सायकल भिंतीला टेकवून उभी करावी लागते. आमच्या लहानपणी तासावर सायकली मिळायच्या. दुकानदार कोणाचा रे तू विचारायचा, वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि सायकल काढून द्यायचा. त्या व्यवहारात कुणाची कागदपत्रं अडकून पडत नव्हती. माणूस ओळखीचा नसेल तर अनामत जरूर घ्यावी, पण परगावी निघालेल्या माणसाची ओळखच काढून घेणं मला अजिबात पटत नाही.

या सायकलींविषयी लोकांचा एक गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा, एवढ्यात बसणाऱ्या गाडीला आपल्या कायद्यानं नोंदणी लागत नाही की लायसन. युरोपातही आकडे हेच आहेत. पायडल मारत राहायचं, मोटर फक्त हातभार लावते. नेदरलँड्स सपाट देश आहे, त्यांच्या युरोपातल्या भूमीवरचा सगळ्यात उंच माथा 322 मीटरचा. आमचं बीड शहरच त्याहून उंचावर वसलेलं आहे. म्हणून माझं ठाम मत आहे, की ही सायकल हॉलंडपेक्षा बालाघाटाला जास्त उपयोगाची. पालीच्या पुढचा घाट साठीतला माणूस नुसत्या पायांच्या जोरावर चढू शकत नाही. या सायकलवर मी तो बोलत बोलत चढलो. डावी-उजवीकडं डोंगरात सीताफळांची झाडं, खाली बिंदुसरा नदीचं पाणी, आणि थांबावंसं वाटलं तिथं पाय टेकवून थांबायचं. गाडीतून हा घाट कितीदा तरी ओलांडला होता; त्याला इतके पदर आहेत हे कधी दिसलं नव्हतं.

वाटेत खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखानानं ती बांधून घेतली. जमिनीखालून बांधीव कालव्यांनी पाणी आणून ते पुढं शेतीला सोडायचं, अशी तिची रचना. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे काम. भाचेसून काठावर बसून किती तरी वेळ पाण्याकडं बघत होती. तिला या विहिरीची रचना समजावून सांगेल असं एक साधं चित्र, एक नकाशा तिथं हवा होता. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. ज्याच्यासोबत बीडचा मामा नसेल, त्यानं काय करायचं?

मांजरसुंब्याहून आत कपिलधारला गेलो. मन्मथस्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेची तयारी, दऱ्याखोऱ्यातली गार हवा. मग परत फिरून लिंबागणेशच्या दिशेनं. आणि इथून पुढं पाट्यांचा खरा जाच सुरू झाला.

मोबाइलवरचा नकाशा वापरा, असं सगळे सांगतात. आम्हीही वापरला. त्यानं आम्हाला डांबरी रस्ता सोडून पाणंदीत घातलं. दोन्हीकडं तुरीची रानं, मधे काळी माती, आणि आदल्याच रात्री कुणीतरी दारं धरलेली, त्यामुळं पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते, की चाक फिरायचंच थांबतं. काडीनं माती उकरून काढत, तीस किलोच्या आसपास वजनाची सायकल ढकलत आम्ही बाहेर आलो. विचारायला माणूस भेटला. म्हणाला, "हे काय, हितंच हाय गाव. मारुतीपासून वळा." मारुती कुठल्या गावात नाही? त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला आयुष्यात कधी पाटीची गरज पडलेली नाही. पाटी गावकऱ्यांसाठी नसते, पाहुण्यासाठी असते, आणि पाहुणा येईल असं कुणी धरूनच चाललेलं नाही, हे मला लागतं.

भाच्यानं तिकडची पद्धत सांगितली. सायकलच्या वाटा जिथं एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक ठिकाणाला एक आकडा दिलेला असतो. तिथल्या खांबावर तो आकडा आणि शेजारच्या ठिकाणांचे आकडे बाणांसह लिहिलेले. घरून निघताना कागदाच्या चिठ्ठीवर सहा-सात आकडे ओळीनं लिहून घ्यायचे आणि ते गाठत जायचं. ना भाषा यावी लागते, ना मोबाइलला रेंज. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधल्या ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याची. कोळशाच्या खाणीत बोगद्यांची वळणं अशीच आकड्यांनी ओळखली जात. लिम्बर्ग प्रांतात 1995 मध्ये तिनं मूळ धरलं आणि पुढं नेदरलँड्सनं ती देशभर नेली. त्याच्याही फार आधी, 1883 मध्ये, तिथल्या सायकलस्वारांनी एक संघटना काढली होती. आज एएनडब्ल्यूबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संघटनेनं गावोगावच्या रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या उभ्या केल्या. यात परवडणार नाही असं मला काहीच दिसत नाही. एक लोखंडी खांब, एक पत्रा, थोडा रंग. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर नारंगी माथ्याचे दगड आपण लावतोच की. तेच दगड फाट्यावरही लावावेत आणि त्यांवर आकडे घालावेत.

आता विजेचं. आमच्या सायकलची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते. अर्धा युनिट. तेवढ्यासाठी दुपारी एका हॉटेलात आमच्याकडून तिघांचे मिळून तीनशे रुपये मागितले. दिले, कारण घाटात मोटर सारखी चालल्यानं कागदावरचे साठ किलोमीटर निम्म्यावर आले होते. चार्जर लावला आणि लाईट गेली. पैसे परत मागणं बरं दिसेना.

पुढच्या गावात याउलट अनुभव. ओसरीवर बसलेल्या एका आजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि चार्जरकडं बघून म्हणाल्या, "लावा की बाबा, लाईट आली की व्हईल. चारला येती कवा कवा." सॉकेट दोन पिनांचं आणि ढिलं, आमची पिन तीनची. आजींनी कडब्याची पेंडी बांधायच्या सुतळीनं प्लग खिळ्याला ताणून बांधला. घरात त्या आणि दोन नातवंडं. मुलगा-सून कुठं म्हटल्यावर म्हणाल्या, "कोयत्यावर गेलीत." दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी आमच्या जिल्ह्यातली गावं अशी अर्धी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, उचल घेतलेली, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही. गल्लीतल्या कुलपांकडं बघून भाच्यानं विचारलं, मामा, हॉलंडमध्ये खेड्यात घराघरांत राहायची सोय असते, इथं का नाही? राहायची सोय करायला घरात माणूस तर हवा. सीताफळाला 2016 मध्ये बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. ऐन सीताफळाच्या हंगामात इथं पाहुणे आले, मुक्काम केला, जेवले, टोपलीभर फळं घेऊन गेले, तर एखाद्या घराला कोयत्यावर न जाण्याइतकं मिळेलही. माझ्या पाटीच्या तक्रारीला एवढं वजन आहे, म्हणून ती मी सोडत नाही.

त्या ओसरीवरून समोरच्या माळावर पवनचक्क्या दिसत होत्या. हॉलंडच्या पवनचक्क्या जगभरचे लोक बघायला जातात. किंडरडाइकच्या 19 चक्क्या तर 1997 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्या सखल जमिनीतलं पाणी उपसून बाहेर टाकायच्या. आमच्या चक्क्या वीज तयार करतात. ती वीज मोठ्या तारांतून दूर जाते आणि चक्कीच्या पायथ्याच्या गावात आजी चार वाजायची वाट बघतात. कसं जोडलेलं असतं, कोणती वाहिनी कुठं जाते, हे मला समजतं. तरीही त्या माळाखाली बसून सॉकेटकडं बघणं मला सहन झालं नाही. शेतकऱ्याला तर दिवसा वीज नसल्यानं थंडीत रात्रीची दारं धरावी लागतात. आमची सायकल त्याच्यापुढं काहीच नाही.

गतिरोधकांविषयी लिहिलंच पाहिजे. भारतीय रस्ते काँग्रेसचं त्याबद्दलचं मानक उपलब्ध आहे: उंची दहा सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर, माथा गोलसर, आधी सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे. आमच्या गावांतले गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच असतात, डांबर उरलं तेवढ्याचे केलेले, पट्ट्यांविना. विजेच्या सायकलला ते दोन प्रकारे नडतात. एक तर मागच्या चाकात मोटर असल्यानं दणका सरळ रिमला बसतो. दुसरं म्हणजे दणक्यानं बॅटरी खाचेतून जराशी उचलली जाते, संपर्क तुटतो आणि मोटर तिथंच बंद पडते. मग उतरा, किल्ली लावा, बॅटरी काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा बसवा. अपघात टळावेत म्हणून गतिरोधक हवेतच, शाळेसमोर तर हवेतच हवेत. ते मापात करायला जास्त डांबर लागेल, पण त्याची कटकट फार नाही.

भाचेसून दिवसभर पाणी कमी पीत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बाईमाणसाला वाटेत जाण्याजोगं स्वच्छतागृह मांजरसुंब्यानंतर आम्हाला दिसलं नाही. एका गावात बांधलेलं होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नव्हतं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण रोज शेतात आणि एसटीनं जाणाऱ्या आपल्या बायका हेच सोसत आल्यात आणि आपण ते चालवून घेतलंय.

सौताडा गाठेपर्यंत उन्हं उतरली होती. विंचरणा नदीच्या धबधब्याची धार कार्तिकात बारीक झालेली, तरी दरीच्या तळाशी रामेश्वराच्या देवळापर्यंत तिचा आवाज येतो. परतीच्या वाटेवर अंधार पडला आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागं दोन ट्रॉल्या, वाढ्यांसकट ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागं ना दिवा ना लाल कापड ना रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टरची पट्टी चहाच्या पैशांत येते. दरवर्षी हंगामात अशा ट्रॉलीवर मागून आदळून माणसं मरतात आणि दरवर्षी हंगाम सुरू होताना पट्ट्या लावण्याच्या सूचना निघतात. आम्ही सायकली एका पेट्रोल पंपावर लावल्या आणि टेम्पोनं बीडला आलो.

नंतर त्या पाणंदीच्या गावच्या सरपंचांना भेटलो. भले गृहस्थ. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं खरंय, पण पाटीला हेड नाही." मी म्हटलं, पाटी आम्ही देतो, खांबही देतो, तुम्ही फक्त ठराव घ्या आणि तिच्यावर फ्लेक्स लागू देऊ नका. पाटी-खांबाला आणि ठरावाला ते लगेच हो म्हणाले. फ्लेक्सबद्दल विचार करतो म्हणाले. पाटी पेंटरकडं रंगवायला दिली आहे.

भाचा पुढच्या दिवाळीत पुन्हा यायचं म्हणतोय. तेव्हा गंगाथडीला जायचं ठरतंय, गेवराईहून राक्षसभुवनला. 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा जिथं पराभव केला, ते गोदाकाठचं गाव. तिकडं घाट नाही, त्यामुळं बॅटरी पुरेल. त्या वाटेवर कुणाच्या घरी तीन पिनांचं घट्ट सॉकेट असेल आणि दुपारी लाईट राहत असेल, तर जरूर कळवावं. युनिटचे पैसे देऊ, आणि तुमच्या फाट्यावर पाटी नसेल तर तीही घेऊन येऊ.