अगंबाई, कोळशाचेसुद्धा पंथ!

ऐकलंत का? आमचे जावईबापू कोळसा पेटवायला शिकतायत. व्हिडिओ बघून. चाळिशी ओलांडलेला माणूस, डॅलसला बऱ्या हुद्द्यावर, आणि रात्री अकरा वाजता वही घेऊन बसलेला: निखारे खाली ठेवायचे की वर! ज्यांच्या आईने शेगडीपुढे फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतले, त्यांच्या घरात हा प्रकार. विहीणबाईंना मी अजून कळवलेलं नाही. कळवणार आहे, पण सवडीने.

बरं, एकटे हेच बिघडलेत म्हणावं तर तसंही नाही. लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते, तेवढ्यात बघून घेतलं. तिथल्या मराठी घरांतली अर्धीअधिक पुरुषमंडळी शनिवारी मागच्या अंगणात एका काळ्या पिंपाभोवती उभी. पिंप म्हणजे आपला पाणी तापवायचा बंबच समजा. तळाला कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर जाळ्या आणि त्यावर झाकण. घरात गॅस आहे, विजेची भट्टी आहे. पण मांस शिजवायचं बाहेर, धुरावर, आणि तेही २२५ अंश फॅरनहाइटला. म्हणजे आपले १०७. डुकराच्या खांद्याचा चार किलोचा तुकडा या आचेवर बारा-चौदा तास बसतो. एवढ्या वेळात आमच्याकडे बारशाचा स्वयंपाक होऊन पंगती उठतात.

आणि बोलणं? मी मेली आपली सहज म्हणाले, "पेटत नसेल तर थोडं रॉकेल शिंपडा की." अंगणात अशी शांतता पसरली की जणू मी देवळात चपला घालून शिरले. पेटवायचं तेल ओतलं तर त्याचा वास मांसाला लागतो म्हणे. आयतं तेल पाजलेला कोळसाही तिथे मिळतो, काडी लावली की भडकतो, पण तो मध्येच वरून घालायचा नाही. घातलात तर पुढचे सहा तास घासलेटचे ढेकर. हे मात्र मला पटलं. आमच्या आजीने रॉकेलचा बोळा घालून पेटवलेल्या शेगडीवर भाकरी कधीच टाकली नाही.

मग पेटवतात कशाने? एक पत्र्याचं नळकांडं असतं. वरच्या भागात कोळसा, खाली कागदाचा बोळा. काडी लावली की हवा खालून वर खेचली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत निखारे फुलून त्यांच्यावर पांढरी राख धरते. फुंकणी नको, पंखा नको. खोटं कशाला बोलू, हे नळकांडं माझ्या तरुणपणी असतं तर माझ्या निम्म्या साड्या वाचल्या असत्या. अडचण एकच: त्या घरात वर्तमानपत्र येत नाही. सगळं मोबाइलवर वाचतात. अखेर माझ्या बॅगेतल्या बेसनलाडवांच्या डब्याला गुंडाळलेला मराठी पेपर कामी आला. तुपाचे डाग पडलेला तो राशिभविष्याचा कागद काय झकास पेटला म्हणून सांगू!

इथवर ठीक होतं. पण पुढे पंथ सुरू होतात, आणि भांडणं अशी की जुन्या भाऊबंदकीच्या दाव्यांनी मान खाली घालावी. एका पंथाचं नाव मिनियन. मला वाटलं नातीच्या बाहुल्यांमधलं ते पिवळं काहीतरी. तर नाही, हे नाव जिम मिनियन या गृहस्थांचं. गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस ते वॉशिंग्टन राज्यातल्या एका स्पर्धेत नवंकोरं पिंप घेऊन गेले आणि सूचनांची पुस्तिका न वाचताच कामाला लागले. आधी न पेटलेला कोळसा भरला, मूठभर निखारे त्यावर टाकले. निखाऱ्यांनी शेजारच्याला हळूहळू पेटवलं, त्याने त्याच्या शेजारच्याला. खालची भोकं जवळजवळ मिटून हवा कोंडली की ही आग तासन्‌तास मंद चालते, मध्ये कोळसा घालावा लागत नाही. पुस्तिका न वाचणाऱ्याच्या नावाने पंथ निघाला, आणि आमचे जावई त्या पंथाची पुस्तिका वाचतायत!

दुसरा पंथ म्हणतो, न पेटलेला कोळसा अन्नाखाली ठेवणं हेच पाप. सगळा आधी नळकांड्यात फुलवून घ्या, मग ओता. आणि दर काही तासांनी नवा फुलवून भर घाला. तिसरे आणखी निराळे. ते कढईसारख्या भांड्याच्या कडेने कोळशाचं वेटोळं रचतात आणि एका टोकाला पेटवतात. नाव काय, तर साप. नागपंचमी राहिली बाजूला.

कोळसाही साधा नाही हो. तिथे तो उशीच्या आकाराचा, एका मापाचा येतो. त्याची कथा ऐकाल तर कपाळाला हात लावाल. मोटारवाला हेन्री फोर्ड. त्याच्या गाड्यांत तेव्हा लाकूड लागायचं. ढलप्या आणि भुसा वाया जातोय हे त्याला बघवेना, म्हणून १९२०च्या दशकात त्याने त्याचा कोळसा करून वड्या पाडल्या आणि आपल्याच मोटारींच्या दुकानांतून विकल्या. पुढे त्या कोळशाला नाव मिळालं किंग्सफर्डचं, आणि हे किंग्सफर्ड त्याच्या नात्यातले. म्हणजे सोयरेधायरे तिथेही आहेतच.

आता मुख्य भानगड. रात्री तीन वाजता घरात भोंगा झाला. मी दचकून उठले, वाटलं चोर. तर मांसात खुपसलेल्या सुईच्या तापमापकाने मोबाइलला निरोप धाडला होता. मांस आपल्या सत्तर अंशाला येऊन अडून बसलेलं, दोन तास हलायला तयार नाही. जावयांची समजूत झाली की आग मेली. बर्म्युडा घालून बाहेर धावले आणि पोतं उचलून ओतला की कच्चा कोळसा थेट निखाऱ्यांवर!

अहो, आग मेली नव्हती. मांसाला घाम फुटला होता. आतलं पाणी वर येऊन उडून जातं, तेव्हा मांस गार होत राहतं. माठातलं पाणी गार होतं ना, तीच गत. घाम सरला की काटा आपोआप चढतो. धीर धरायचा, नाहीतर जाड कागदात गुंडाळायचं. यांनी कोळसा ओतला आणि झाकणातून पांढरा लोळ उठला. धुराचीही जात असते. पातळ निळसर धूर म्हणजे आग मोकळी जळतेय. पांढरा दाट म्हणजे ती घुसमटतेय आणि आपली कडवट काजळी अन्नावर काढतेय. हे त्यांच्या वहीत होतं. तिसऱ्या पानावर, लाल शाईने.

मी पदर खोचला. धुमसणारे कोळसे चिमट्याने वेचून बादलीत काढले, नळकांड्यात वेगळा कोळसा फुलवला, राख धरेपर्यंत थांबले आणि निखारे एकेक करून कडेने सारले. शेगडीत अशीच भर घालायचो आम्ही, भाताला धुराचा वास लागू नये म्हणून. त्याला कुणी पंथ म्हणालं नाही. जावई टॉर्च धरून उभे होते. म्हणाले, "आई, ही कोणती मेथड?"

मी अलिबागकडची. थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. झालं का बघायला वर पाणी शिंपडतात. चर्र वाजून लगेच उडालं तर झालं. मोबाइल नाही, भोंगा नाही.

दुपारी पाहुणे आले. वरची काळी साल चक्क कडू झाली होती. पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही, "काय स्मोकी झालंय!" म्हणत चाटूनपुसून खाल्ली. मी कोंबडीपुढे गेलेली नाही, तेव्हा उरलेल्या निखाऱ्यांवर दोन वांगी टाकली. भरीत आधी संपलं, हे लेकीने विहीणबाईंना परस्पर कळवलं आहे.

तुमच्या माळ्यावर जुनी लोखंडी शेगडी पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मला सांगा. पुढच्या खेपेला लाडू कमी नेईन.